सशाने आखलेली हद्द

चंद्रपूरचा परकोट एका सशाने आखला. आमच्या शहरात कुणालाही विचारा, थोड्याफार फरकाने तुम्हाला हीच गोष्ट सांगेल. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह अंगभर गाठी-फोडांनी त्रासलेला होता. एकदा शिकारीत त्याला तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं होतं, पण एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. त्याने हातपाय धुतले, ते पाणी प्यायला आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी गाढ झोपला. सकाळी राणीने पाहिलं तर गाठी ओसरलेल्या. खळग्याजवळच्या खडकात गाईच्या खुरांच्या खुणा सापडल्या आणि तिथे अचलेश्वराचं देऊळ बांधायचं ठरलं. त्या निमित्ताने राजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. अशाच एका फेरीत त्याला उलटीच शिकार दिसली. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या शिकारी कुत्र्यामागे लागला होता. कुत्रा मोठे वळसे घेत पळत होता, ससा आडवातिडवा धावत त्याला गाठायला बघत होता. शेवटी कुत्रा उलटला आणि त्याने सशाला मारलं. राजाने घरी येऊन हे राणीला सांगितलं. राणी म्हणाली, तिथे शहर वसवा आणि ससा जिथून धावला तिथून तट बांधा.

तो तट आजही आहे. सुमारे ११ किलोमीटर लांब. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. आम्ही शाळेत असताना त्याच्यावर एवढी झाडं वाढली होती की तट कुठे संपतो आणि झुडूप कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. २०१७ पासून 'इको-प्रो' संस्थेच्या पोरांनी श्रमदान करून तो मोकळा केला. आता सुट्टीत घरी गेलो की सकाळी त्याच्यावरून चालायला मिळतं. चालताना लक्षात येतं की तट सरळ जातच नाही. मध्येच आत येतो, मध्येच बाहेर वळतो. जमिनीचा उतार, नदीचं पात्र, पूर अशी त्याची कारणं असणारच. पण कडेने चालताना डोक्यात ससाच धावत असतो.

कॉलेजात असताना एका अहमदाबादच्या मित्राने मला त्याच्या शहराची गोष्ट सांगितली. अहमदशाहने साबरमतीच्या काठी एका सशाला कुत्र्यांवर चाल करून जाताना पाहिलं आणि १४११ मध्ये तिथे शहर वसवलं. माझा हिरमोडच झाला. पुढे कळलं की विजयनगरचीही गोष्ट हीच आहे. हरिहर-बुक्क शिकारीला गेले, सशाने कुत्र्यांना पळवलं, विद्यारण्यांनी अर्थ सांगितला आणि १३३६ मध्ये राजधानीचा पाया घातला गेला. म्हणजे दक्खनपासून गुजरातपर्यंत एकच ससा धावतोय. इतिहासाचे लोक याला 'मोटिफ' म्हणतात. एखादी कल्पना एवढी उपयोगी ठरते की जो तो ती उचलतो आणि आपल्या गावात बसवतो. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला यात चोरी वाटत नाही. आमच्या धंद्यात जे चालतं ते सगळेच वापरतात. बघायचं असतं ते एवढंच की कोणी काय बदललं.

आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे विजयनगरात अर्थ सांगतो तो ऋषी, आमच्याकडे राणी. दुसरं म्हणजे आमचा ससा मरतो. कथेत राणी हेही सांगते की जिथे ससा कुत्र्याच्या अगदी जवळ पोचला आणि जिथे तो मेला, त्या जागा पुढे शहराला धोक्याच्या ठरतील, तिथे बुरूज भक्कम ठेवा. शहराच्या जन्मकथेतच त्याच्या दुबळ्या जागांची यादी दिलेली. असं आपल्या गावाबद्दल कोण सांगतं?

* * *

पुण्यात माझ्या टीममधले सगळे शनिवार-रविवारी गडांवर जातात. मीही जातो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड करून झाले. रात्री शेकोटीभोवती गोष्टी निघतात आणि प्रत्येकाकडे आपल्या गावाकडचा एक किल्ला, एक किल्लेदार, एक पवाडा असतो. माझ्याकडे वळले की प्रश्न वेगळे येतात. वाघ दिसतो का? उन्हाळ्यात खरंच ४७ डिग्री असतं का? गडचिरोली किती लांब, तिकडे जाता येतं का? आमच्याकडे राजे कोण होते, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आमच्याकडे कित्येक पिढ्या गोंड राजांनी राज्य केलं. 'ऐन-ए-अकबरी'त चांद्याच्या बाबाजी या राजाचा उल्लेख आहे. हे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८५४ मध्ये नागपूरबरोबर इंग्रजांकडे. शाळेच्या पुस्तकात आम्हाला यातली एक ओळसुद्धा वाचल्याचं आठवत नाही.

म्हणून एका शेकोटीला मी सूर्जा बल्लाळची गोष्ट सांगितली. हा वंशावळीत खांडक्याच्या आधीचा. देखणा राजपुत्र, तलवारीत तरबेज, गळाही गोड. विद्या शिकायला उत्तरेत जातो आणि दिल्लीच्या बादशाहाच्या कैदेत पडतो. बादशाहाला कैबूरच्या राजपूत सरदाराची मुलगी हवी असते, पण सरदार देत नाही आणि त्याचा किल्ला पडत नाही. इकडे कैदेतल्या राजपुत्राचं गाणं बादशाहाच्या मुलीच्या कानावर जातं आणि तो सुटतो, एका अटीवर. किल्ला घ्यायचा. तो चांद्याहून गोंड फौज बोलावतो. किल्ला पडतो, सरदार लढताना मरतो. त्याची विधवा या राजपुत्रापुढे येऊन उभी राहते आणि आपल्या मुलीसाठी आसरा मागते.

आता पेच बघा. बादशाहाला शब्द दिलाय, मुलगी आणून द्यायची. विधवेला शब्द दिलाय, मुलीला सांभाळायचं. दोन्ही शब्द खरे कसे करणार? तो मुलीला मुलाचा पोशाख घालून दरबारात नेतो. बादशाह त्या गोंडस पोराला मांडीवर घेतो आणि लेकरू म्हणतो. झालं. ज्या तोंडाने लेकरू म्हटलं त्या तोंडाने बायको म्हणता येत नाही. बादशाह आपल्याच शब्दात अडकतो, पण राग न धरता राजपुत्राला 'शेरशाह' असा किताब देतो. चांद्याच्या राजांच्या नावामागे 'शाह' आला तो असा, असं ही कथा सांगते.

शेकोटीभोवती क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, "पण हे खरं घडलंय का?"

प्रश्न रास्त आहे. कुठला बादशाह ते कथा नीट सांगत नाही, आणि एवढ्या मोठ्या लढाईला दिल्लीकडच्या एखाद्या नोंदीचा आधार लागेल. पण असाच प्रश्न आर्थर राजालाही लागतो. गेमिंगमुळे, सिरीजमुळे आपल्या पिढीला तो सख्ख्या मामासारखा माहीत आहे. त्याची तलवार, त्याचं गोल टेबल, त्याचे शूर सरदार. आर्थर नावाचा राजा खरंच होता की नाही यावर तिकडचे अभ्यासक अजून भांडतात. त्याची भरघोस कथा बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने लिहिली, म्हणजे आर्थरचा मानला जाणारा काळ उलटून सहाएकशे वर्षं झाल्यावर. मॅलरीची गद्यकथा १४८५ मध्ये कॅक्स्टनने छापली आणि मग ती जगभर गेली. त्या कथांमध्येही हेच असतं. कैद, न पडणारा किल्ला, आसरा मागणारी बाई आणि दोन शब्दांच्या कात्रीत सापडलेला वीर. फरक एवढाच की त्यांना कॅक्स्टन लवकर भेटला.

* * *

आमच्या कथांना कागद उशिरा भेटला आणि तोही दुसऱ्याच कामाचा. चांद्याच्या राजांची वंशावळ आणि या आख्यायिका इंग्रजीत आल्या त्या मेजर ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याच्या १८६९ च्या अहवालातून. हा अहवाल साहित्याचा नव्हता, जमीन महसुलाच्या जमाबंदीचा होता. कोणती जमीन कोणाची, सारा किती, या हिशेबाच्या वहीत आमचा ससा जाऊन बसला. पुढे १९१६ मध्ये नागपूरचे बिशप आयर चॅटर्टन यांच्या 'द स्टोरी ऑफ गोंडवाना'त या राजांच्या गोष्टी पुन्हा आल्या.

त्याआधी आणि नंतरही या कथा राहिल्या त्या माणसांच्या तोंडी. गोंडांमध्ये कथा सांभाळण्याचं काम परधानांचं. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा सगांच्या वंशावळी, त्यांच्या पेनांच्या म्हणजे देवांच्या कहाण्या, पूर्वजांचे प्रवास हे सगळं परधानाच्या पाठांतरात असायचं. हातात बाना नावाचं तंतुवाद्य. परधान यजमानाच्या घरी यायचा, गायचा, धान्य-पैसा घेऊन जायचा. म्हणजे परधान त्या कुळाचा गायकही आणि दफ्तरही. आपल्या घराण्याला कोणत्या घराण्यात सोयरीक चालते, हेसुद्धा तोच सांगणार.

नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एका परधानाकडून लिंगोची कथा उतरवून घेतली. गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवणारा, त्यांना सगांमध्ये वाटून देणारा, गाणं-वाजवणं शिकवणारा लिंगो. त्याची गुहा म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला आजही माघ पौर्णिमेला लाखो लोक जातात. हिस्लॉप १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून गेला. त्याची कागदपत्रं रिचर्ड टेम्पलने १८६६ मध्ये छापली. पाचच वर्षांनी जेम्स फोर्सिथने आपल्या पुस्तकात लिंगोची कथा इंग्रजी पद्यात दिली, तीही अमेरिकन कवी लाँगफेलोच्या 'हायवाथा'च्या छंदात. आमचा देव, परधानाचा गळा आणि चाल परक्याची. त्या परधानाचं नाव मला शोधूनही कुठे सापडलं नाही.

यजमान गरीब झाले तशी परधानांची गाणीही आटली. मध्य प्रदेशात जनगढसिंग श्याम या परधान तरुणाने त्याच देवांना रंगात आणलं. आज जगभर जिला 'गोंड चित्रकला' म्हणतात तिचा मोठा प्रवाह तिथून सुरू झाला. बानावर जे वाजायचं ते भिंतीवर आणि कागदावर गेलं.

माझी आई गोंडी बोलते, मला अर्धी कळते. घरात वडिलांशी आणि आमच्याशी मराठी, मामाशी फोनवर गोंडी. लहानपणी मला वाटायचं की गोंडी ही फक्त फोनवर बोलायची भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. तेव्हा मी फॉन्ट उतरवून आईचं नाव टाइप केलं आणि तिला दाखवलं. तिने विचारलं, "हे वाचेल कोण?" मी अजून उत्तर शोधतोय.

* * *

आईचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. याच तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज्य, असं म्हणणारं हे गाव. २००६ च्या वन हक्क कायद्याखाली देशात सगळ्यात आधी ज्यांना सामूहिक वन हक्क मिळाला त्यात ते होतं, २००९ मध्ये. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी दावे केले. आईच्या गावाचा दावा मागे राहिला होता. मोह, तेंदू, बांबू सगळं ज्या जंगलातून येतं, त्याचा कागद नव्हता. गेल्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवस तिकडून काम केलं. दिवसा ऑफिस, संध्याकाळी वन हक्क समितीचा कारकून. गावात लॅपटॉप माझ्याकडे होता, एवढीच माझी पात्रता.

कायद्याचे नियम वाचताना १३ व्या नियमाशी मी थांबलो. दाव्याला कोणते पुरावे चालतील याची तिथे यादी आहे. सरकारी नोंदी, नकाशे आहेतच. पण विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थानं हेही पुरावे आहेत. आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवलेलं निवेदन हाही. दोन-तीन वेळा वाचलं. म्हणजे म्हातारा माणूस जे सांगेल ते पुरावा. एकट्यावर भागत नाही, एकाहून जास्त पुरावे लागतात. पण ते मोजलं जातं. दीडशे वर्षांपूर्वी जमाबंदीच्या अहवालात चुकून घुसलेली गोष्ट आता कायद्याने आत बोलावली होती.

आईचे चुलते, आमचे मोठे आजा, ऐंशीच्या पुढचे. पूर्वेकडची हद्द त्यांनाच ठाऊक, असं सगळ्यांनी सांगितलं. मी त्यांच्या पडवीत बसलो. "लिहून घे गा बापू," म्हणून त्यांनी सुरुवात केली. अर्धं गोंडीत, अर्धं झाडीबोलीत. जिथे मला कळेना तिथे मामा सांगत होता.

जुन्या काळी शेजारच्या गावाशी जंगलावरून भांडण लागलं. दोन्हीकडचे गायता बसले आणि ठरलं की एका रात्री दोन्ही गावांनी एकेक धावणारा ठेवायचा. आपापल्या गावचा कोंबडा आरवला की आपापल्या पेनठाण्यापासून निघायचं. दोघं भेटतील तिथे दगड गाडायचा. आमचा धावणारा सगळ्या इलाख्यात नावाजलेला. हरणाला दमवायचा म्हणे. जिंकणार याची गावाला एवढी खात्री की आदल्या रात्री जेवणावळ झाली, आणि त्या जेवणावळीत गावातला मोठा कोंबडा कापला गेला. उरलं एक लहान पिल्लू. ते उजाडायला आलं तेव्हा कुठे आरवलं. आमचा माणूस निघाला, वाऱ्यासारखा धावला आणि जेमतेम नाल्यापर्यंत पोचला तर समोरून शेजारचा हळूहळू चालत येताना दिसला. लोक म्हणाले, हे काही खरं नाही, पुन्हा धावू. आमच्या धावणाऱ्याने ऐकलं नाही. कोंबड्यावर शब्द दिला होता. तिथेच दगड गाडला. अजून दरवर्षी तिथे नारळ फुटतो आणि कोंबडा मात्र आमच्या गावाचा जातो, दंड म्हणून.

ऐकताना मला दिल्लीचा बादशाह आठवत होता. त्यालाही शब्दानेच बांधलं होतं. आणि तटावरचे ते दुबळे बुरूज. आपलं नुकसान आपणच सांगणारी गोष्ट. कुणी जमीन लाटायला गोष्ट रचली तर त्यात आपला कोंबडा उशिरा आरवत नाही. आमच्या धंद्यात एखाद्या नोंदीवर विश्वास ठेवण्याआधी आम्ही विचारतो, ही खोटी असती तर कोणाचा फायदा झाला असता? इथे कोणाचाच नव्हता.

दोन दिवसांनी शेजारच्या गावी गेलो. हद्दीला लागून असलेल्या गावांचा मेळ बसला की पुढचे वाद टळतात. त्यांच्या म्हातारीने हीच गोष्ट सांगितली, पण तिच्यात त्यांचा धावणारा वीर होता. त्याने रात्रभर उपास केला होता. आमची माणसं दारू पिऊन पडली होती. कोंबडा कापल्याचं तिला माहीतच नव्हतं. सगळं वेगळं, दगड तोच. आम्ही दोन्ही गावची माणसं मिळून नाल्यावर गेलो. शेंदूर फासलेला दगड होता, खाली जुनी पिसं चिकटलेली. मी मोबाइलवर जीपीएसचा बिंदू घेतला. अक्षांश-रेखांश दशांशाच्या पुढे सहा आकड्यांपर्यंत.

रात्री निवेदन टाइप केलं. सरकारी मराठीत ते असं झालं: गावाची पूर्वेकडील हद्द अमुक नाल्यावरील देवाच्या दगडापर्यंत असून सदर ठिकाणी दोन्ही गावांमार्फत वार्षिक पूजा करण्यात येते. समितीतल्या एका काकांना एवढंच पुरे वाटत होतं. साहेब लोक हसतील, कोंबडा कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही खरं होतं. त्यांनी कचेऱ्यांमध्ये माझ्यापेक्षा जास्त वेळ उभं राहून काढलाय.

दुसऱ्या दिवशी मी आजांना निवेदन वाचून दाखवलं. मामाने गोंडीत सांगितलं. त्यांनी शाईचं पॅड जवळ ओढलं, अंगठा टेकवला, आणि कागदावर नेण्याआधी थांबले.

"कोंबडा कुठी गेला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग पडवीतच बसून, समितीचे ते काका सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. पाच वाक्यं वाढली. जेवणावळ, पिल्लू, नाला, शब्द, दगड. पोर्टेबल प्रिंटर मामाने शाळेतून आणला होता. नवा कागद आजांनी हातात धरून बघितला, वाचता येत नसूनही बराच वेळ बघितला आणि अंगठा उठवला.

दावा आता उपविभागीय समितीकडे आहे. शेजारच्या गावाचाही तिथेच आहे, त्यांच्या उपाशी वीरासकट. दोन्ही फायली एकाच टेबलावर येतील तेव्हा वाचणाऱ्याला एका दगडाच्या दोन गोष्टी मिळतील.